कावळखिंडीतली तार

१

कावळखिंडीच्या माथ्यावर टेलिफोनची तार तुटली होती, आणि खांबाच्या बुडाशी एका धनगराला हातकड्या घालून बसवलं होतं. वैशाखातलं ऊन. आजूबाजूला झुडूप नाही. सावली होती ती एकट्या खांबाची, आणि त्या सावलीत तारेचा जमादार रखमाजी पान चघळत बसला होता.

फौजदार मानसिंगराव शितोळे घोड्यावरून उतरले ते रागातच. भोरहून निघताना वरिष्ठांनी त्यांना सांगितलं होतं, "धनगराने तार तोडली, म्हणून वेल्ह्याचा निरोप भोरला पोचला नाही, म्हणून पटकीने माणसं मेली. एवढा अहवाल आणा. डोंगरावरचा धनगरवाडा उठवायचा हुकूम मी लिहून ठेवलाय." तपासाआधीच निकाल हातात देणारा माणूस भेटला की मानसिंगरावांच्या डोक्यात तिडीक जायची. आणि नोकरी अशी की असा माणूस हमखास भेटायचा.

भोर ते वेल्हे ही टेलिफोनची लाइन चिमाजीराव ठेकेदारांनी नुकतीच टाकली होती. त्याआधी या मुलखाला ठाऊक होती ती टपाल कचेरीतली तार. ती आली की बायका आधी रडून घ्यायच्या आणि मग ती कोणाकडून तरी वाचून घ्यायच्या. टेलिफोनवर मात्र जिवंत माणसाचा आवाज येतो, हाकेला ओ देता येते, म्हणून लोक हरखले होते. चिमाजीरावांनी उद्घाटनाच्या भाषणात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आता वेल्ह्याला शिंक आली तर भोरला ऐकू येईल."

"कशाला हात लावलास?" मानसिंगरावांनी रखमाजीला विचारलं.

"न्हाई साहेब. पंचनाम्याआधी हात लावायचा नसतो, एवढं कळतंय मला. काल सकाळी आलो, तार तुटल्याली दिसली, तसाच जाऊन पाटलाला घेऊन आलो. जसं हुतं तसं हाय. इचारा पाटलाला."

पाटलाने मान डोलावली. खांबाला शिडी लावल्याचंही त्याने पाहिलं नव्हतं.

"आणि हा?"

"ह्यो हैबती. वरच्या वाड्यातला. गेल्या साली तार पडली हुती, त्यात ह्याची शेळी मान अडकून मेली. तवा ह्यो सगळ्यांदेखत वरडला हुता, तुमची तार तोडून टाकतो म्हनून."

"म्हणालास?"

हैबतीने मान वर केली. डोळे सुजलेले, पण आवाजात भीती नव्हती, संताप होता. "म्हनलो. गाभन शेळी हुती, म्हननारच. पर तोडली न्हाई. आन् सायब, मला येवढं सांगा. ज्याला तार तोडायची, त्यो भोरापतोर पळंल कशाला?"

"म्हणजे?"

रखमाजीने पान थुंकलं. "त्येच तर साहेब. परवा दुपारी डाक्टरला बोलवायला वेल्ह्याहनं भोरला पळत गेला, त्यो ह्योच. पाप मनात हुतं, म्हनून पळाला."

मानसिंगराव त्याच्याकडे बघतच राहिले. रणरणत्या उन्हात डोंगर तुडवत डॉक्टर आणायला धावलेला माणूस, आणि बक्षीस काय, तर हातकड्या!

२

त्यांनी रखमाजीची शिडी खांबाला लावायला सांगितली आणि स्वतः वर चढले. सागाचा जाड खांब, माथ्यावर चिनी मातीची पांढरी वाटी. त्या वाटीजवळच तार तुटली होती. चोरीला मात्र वीतभरही गेली नव्हती. टोक दोन्ही बाजूंनी दाबून तोडलेलं, मधे धारदार कड. हैबतीकडे सापडली होती ती कुऱ्हाड. कुऱ्हाडीने लोखंडी तार तोडायची तर ती दगडावर ठेवून ठेचावी लागते, टोक चपटं होतं. आणि खांबाच्या माथ्यावर दगड कुठून आणणार?

त्याहून विचित्र दुसरी गोष्ट. तुटलेली टोकं खाली पडली नव्हती. वेल्ह्याकडचं आणि भोरकडचं, दोन्ही टोकं वाटीच्या खाली खांबालाच गुंडाळली होती. वेढ्याला वेढा लागून, एकसारखे, घट्ट. मानसिंगरावांनी एक वेढा बोटांनी सोडवून पाहिला. नख तुटलं, तार हलली नाही.

ते खाली उतरले आणि रखमाजीला अगदी गोडीने म्हणाले, "जमादार, आम्हाला यातलं काही कळत नाही. हे यंत्र चालतं तरी कसं?"

रखमाजी खुलला. "सोपं हाय साहेब. वर एकच तार. परतीची वाट जमिनीतनं. म्हनून दोन्ही ठेसनांवर तांब्याचा पत्रा खड्ड्यात पुरल्याला असतोय. उन्हाळ्यात त्यो खड्डा भिजता ठिवायचा, माती सुकली की वाट बंद. हँडल फिरवलं की आतलं भेंडोळं चुंबकात फिरतंय, त्यातनं वीज निघती आन् पल्याड घंटी वाजती. सेल हायत ते निस्तं बोलायला. घंटीला सेल लागत न्हाईत, हाताचा जोर लागतो."

"वा!" मानसिंगराव म्हणाले. "आता आमचा हुकूम ऐक. मी सांगेपर्यंत ही तार जोडायची नाही. पाटील, खांबापाशी माणूस बसवा. आणि या हैबतीला सावलीत घ्या. नाहीतर मी तुम्हाला उन्हात बसवीन."

३

वेल्ह्याचा टेलिफोन कचेरीच्या ओसरीवरच्या खोलीत होता. तो सांभाळायचा गेनबा. परवा सकाळी त्याला पटकी झाली आणि काल पहाटे तो गेला. खोलीच्या दारात त्याची बायको सगुणाबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी बनाबाई, कचेरीत पाणी भरणारी म्हातारी. वेल्ह्यावर तोरणा उभा होता. त्याच्या पायथ्याच्या विहिरीत चुना टाकून दोर काढून घेतला होता.

"बाई, तुमच्या दुःखात विचारतोय, राग मानू नका," मानसिंगराव म्हणाले.

"राग तुमचा न्हाई." सगुणाबाईचे डोळे कोरडे होते. "राग त्या भोरवाल्यांचा हाय. काल त्यो जमादार हितं येऊन म्हनला, बाईमानसाला यंतर कळतंय व्हय? हँडल उलटं फिरवलं आसंल. साहेब, माझा मालक रोज माझ्यासमूर ते फिरवायचा. आंधळी न्हाई मी."

"मग सांगा. जसं केलंत तसंच."

"दुपारी ते लईच गळाले. डोळं आत गेलं. मला म्हनले, भोरला लाव, डागदर मोटारीनं येईल. फोन लावायच्या आदी ते खड्ड्यात घागर वतायचे, माती भिजाया. त्याबिगर लागत न्हाई म्हनायचे." ती थांबली. बनाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "घरात येकच घागर हुती, उकळून गार केल्याली. त्यांच्यासाठी. ते पानी पानी करत हुते, साहेब. आन् म्या ते पानी खड्ड्यात वतलं. म्हनलं, फोन लागला की डागदर येईल, मग पाज पाज पाजीन."

मानसिंगरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मग फिरवलं. किती येळा फिरवलं. हात भरून आला. हैबतीदादा कोकरू इकाया बाजारात आला हुता, त्यो दारात उभा राहून बघत हुता. कुनी उचललं न्हाई. शेवटी दादा म्हनला, वैनी, ऱ्हाऊ द्या, म्या पळतो."

"हात भरून आला म्हणजे? हलकंच असतं की हँडल."

"हलकं?" ती उसळली. "जड हुतं. जात्यात मूठभर नाचनी घातली की खुटा कसा जड जातो? तसं. आमच्या बायकांच्या हाताला कळतंय साहेब, जातं भरलंय का रिकामं फिरतंय ते."

मानसिंगराव उठले. भिंतीवरच्या पेटीचं हँडल धरलं आणि फिरवलं. ते गरगर फिरलं. जोरच लागेना.

बाहेर येऊन त्यांनी खड्डा पाहिला. माती सुकली होती. त्यांनी शिपाई भीमाला पाणी आणायला लावलं, खड्डा चिखल होईपर्यंत भिजवला आणि परत हँडल फिरवलं. तरी हलकंच. मग त्यांनी सगुणाबाईला पुढे बोलावलं. तिने हँडल एकदाच फिरवलं आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ह्ये ते न्हाई," ती म्हणाली. "ह्ये रिकामं जातं हाय."

४

भोरला चिमाजीरावांचं टेलिफोनचं ऑफिस बाजारपेठेत होतं. शेजारी फुलाबाईचं पानतंबाखूचं दुकान. मानसिंगराव आधी तिथे थांबले.

"परवा तिन्हीसांजेला एक धनगर धावत आला होता?"

"आला की. पाय फुटल्याले, तोंडाला फेस. डाक्टरसाहेब कुटं म्हनून इचारत हुता. म्याच म्हनलं, आदी फोनवाल्या रावसाहेबांस्नी सांग. आत गेला आन् वरडला, दुपारधरनं बाई घंटी वाजवतीया, तुमी उचलत का न्हाई? रावसाहेबांनी त्याला हाकलून दिलं. मग म्याच डाक्टरांचं घर दावलं. अंधारात घाटातनं मोटार जात न्हाई, म्हनून रात्री माझ्या वट्यावर पडला मेल्यागत. उजाडता डाक्टरांच्या मोटारीत बसून गेला."

"आणि दुपारी घंटी ऐकलीस तू?"

फुलाबाई हसली. "दुपारची? तो फोन दुपारचा निजतो साहेब. सकाळी वाजतो, चहाच्या वक्ताला वाजतो. दुपारी कधी वाजल्याला ऐकला न्हाई म्या."

आत चिमाजीरावांनी मोठ्या अगत्याने स्वागत केलं. गोरेपान, गुळगुळीत, कोटाच्या खिशात सोनेरी साखळी. "या, या फौजदारसाहेब. खुर्ची घ्या." त्यांनी टेलिफोनशेजारच्या खुंटीवरचं लाल फडकं काढलं, खुर्ची झटकली आणि परत खुंटीला लावलं. जाड गोधडीचा तुकडा होता तो. त्यावर दोन हिरवट गोल डाग पडले होते. कोपऱ्यात मऊ गादी, तक्क्या, वाळ्याचा पंखा.

"परवा दुपारी आपण इथे होता?"

"दिवसभर. जागचा हललो नाही. सेवेचं काम आहे हे, साहेब. घंटी वाजली असती तर मी झोपेतूनही उठलो असतो. पण तार आदल्या रात्रीच तोडलेली! वाजणार कुठून?"

"आदल्या रात्रीच तोडली हे कशावरून?"

"दुपारी घंटी वाजली नाही, यावरूनच."

मानसिंगरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. घंटी वाजली नाही कारण तार तुटली होती, आणि तार तुटली होती कारण घंटी वाजली नाही. आणि या गोल गोल बोलण्यावर एका वाड्यातली पोरंबाळं, शेळ्यामेंढ्या, चुली उठवायच्या होत्या.

"ती बाई तर हँडल फिरवलं म्हणते."

"अहो, नवरा गेलेली अडाणी बाई. तिला काय भान?"

मानसिंगरावांनी उठून इथलंही हँडल फिरवून पाहिलं. गरगर, हलकं, वेल्ह्यासारखंच. हँडल सोडून ते वळले तेव्हा त्यांची नजर यंत्राच्या माथ्यावरच्या घंटीवर पडली. पितळेच्या दोन वाट्या, मधे बारीक हातोडी. सगळी पेटी धुळीने माखलेली, पण दोन्ही वाट्यांच्या समोरासमोरच्या कडा घासून लखलखीत झाल्या होत्या.

त्यांनी खुंटीवरच्या फडक्याकडे परत पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. पण तोंडाने ते एवढंच म्हणाले, "उद्या दुपारी येतो. आपली झोपायची वेळ असेल, तर आधीच माफी मागतो."

चिमाजीरावांचं हसू जागच्या जागी थिजलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिंडीत रखमाजीकडून तार जोडून घेतली. सगळं काम ते खाली उभं राहून बघत होते. रखमाजीने पकडीने खांबावरचे वेढे सोडवले, मधे नवा तुकडा घातला, दोन्ही बाजूंनी सांधे आवळले. वेढ्याला वेढा लागून, एकसारखे, घट्ट.

"सुंदर काम आहे," मानसिंगराव म्हणाले. "जमादार, काम चालू असताना तार सोडावी लागली, तर टोकं कुठे ठेवतोस?"

"खांबाला बांधतो, साहेब. पडून द्यायची न्हाईत. त्या शेळीपायी केवढा कालवा झाला, तवापासनं हातालाच सवय..."

तो शिडीवरच थांबला. पक्कड हातातून निसटून खडकावर खणकन आपटली.

"मग परवाची टोकं कोणी बांधली?" मानसिंगरावांचा आवाज चढला. "सापडली तेव्हा हात लावला नाहीस, तू आणि पाटील दोघं सांगताय. धनगराने रागाने तोडली असती, तर तो बांधत बसला असता? समजा बांधली असती, त्याच्या शेळ्यांसाठी. पण नुसत्या हाताने तो वेढा सुटत नाही, माझं नख गेलंय त्यात. हाताने तो आवळणार कसा? पक्कड आहे ती तुझ्याकडे. अख्ख्या मुलखात तुझ्याचकडे! खाली ये."

रखमाजी खाली आला तो बसलाच. "रावसाहेबांनी सांगितलं. हैबती येऊन गेल्यावर, त्याच रात्री. म्हनले, पहाटं जा, खिंडीत तोड आन् तूच सापडव. न्हाईतर ठेका जाईल, तुझी नोकरीबी जाईल."

"आणि हैबतीचं नाव?"

रखमाजी खाली मान घालून म्हणाला, "ते मीच सुचवलं."

मानसिंगरावांचा हात उठला होता. तो त्यांनी कसाबसा कमरपट्ट्यात खोचला. हैबती जरा लांब, दगडावर बसून सगळं ऐकत होता. तो फक्त म्हणाला, "शेळी माझी मेली. शहाना मातुर ह्यो झाला."

६

दुपारी चिमाजीरावांच्या ऑफिसात माणसं जमली. वरिष्ठ साहेब चिडून आले होते. डॉक्टर वेल्ह्याहून औषधं न्यायला परतले होते, त्यांची मोटार दारात उभी होती. रखमाजी कोपऱ्यात. हैबती दाराशी, हातकड्यांसकट, कारण त्या काढायचा हुकूम वरिष्ठांनी अजून दिला नव्हता.

"रखमाजी खोटं बोलतोय," चिमाजीराव शांतपणे म्हणाले. "नोकर माणूस, मार खाल्ला की काहीही कबूल करतो."

"बोटही लावलं नाही त्याला. पण सोडा त्याला, आपण हँडलशीच बोलू." मानसिंगरावांनी भिंतीवरच्या पेटीला हात घातला. "काल हे हलकं फिरत होतं, कारण वीज जायला वाट नव्हती. आज तार जोडलीय, वेल्ह्याचा खड्डा भिजवलाय. साहेब, आपणच फिरवा."

वरिष्ठांनी फिरवलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. हँडल जड होतं.

"वाट मोकळी असली की जड, तुटलेली असली की हलकं. त्या दुपारी सगुणाबाईच्या हाताला ते जात्यासारखं जड लागलं. हे ती तार तुटल्याचं कोडं सोडवायला बोलली नाही, तिला ते कोडं ठाऊकच नव्हतं. म्हणजे दुपारी तार धड होती. मग ती आदल्या रात्री कोणी तोडली?"

चिमाजीरावांनी ओठ चाटले. "असेल धड. पण माझे सेल उतरले होते. सेल उतरले की घंटी वाजत नाही."

"जमादार," मानसिंगराव कडाडले, "घंटीला सेल लागतात?"

"न्हाई," रखमाजी पुटपुटला.

"तुमचाच माणूस, तुमचंच यंत्र. घंटी वाजते ती पलीकडच्या माणसाच्या हाताच्या जोराने. म्हणजे त्या दुपारी, नवरा तडफडत असताना, त्या बाईने जे फिरवलं ते इथे पोचलं होतं. या खोलीत. तुम्ही जागचे हलला नव्हता. मग ऐकू का आलं नाही?"

त्यांनी खुंटीवरचं लाल फडकं काढलं, त्याची घडी केली आणि घंटीच्या दोन वाट्यांच्या मधे, हातोडीला लपेटून कोंबली. हिरवट गोल डाग दोन्ही वाट्यांवर अचूक बसले.

"पितळेचा हिरवा डाग एका दिवसात पडत नाही. हा रोजचा बोळा आहे. शेजारच्या दुकानात सुद्धा ठाऊक आहे, हा फोन दुपारचा निजतो. कारण दुपारी याचा मालक निजतो."

"दुपारी घटकाभर डोळा लागणं हा गुन्हा आहे?" चिमाजीराव भडकले. "एरवी येतंय कोण दुपारी? हिरड्याचा भाव विचारायला लोक घंटी वाजवतात! मला काय स्वप्न पडणार होतं, की नेमकं त्याच दिवशी..."

"डॉक्टरसाहेब, दुपारी निरोप आला असता तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मोटार तयार होती. शिरेत मिठाचं पाणी द्यायच्या बाटल्या घरात होत्या. तिन्हीसांजेच्या आत पोचलो असतो. गेनबा तरुण होता."

आणि तेवढ्यात पेटीवरचं फडकं थरथरलं.

आवाज नव्हता. घडीच्या आत हातोडी तडफडत होती, एवढंच. थांबली. परत थरथरली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वेल्ह्याला भीमा शिपायाला सांगून ठेवलं होतं, की दुपारी सगुणाबाईला हँडल फिरवायला लावायचं.

"बघा," मानसिंगराव म्हणाले. "असं होत होतं त्या दुपारी. तुमच्या उशापाशी. बघा नीट, रावसाहेब!"

फडकं परत थरथरलं. घाईघाईने, थांबून थांबून. वरिष्ठ साहेबांना पाहवेना, त्यांनी तोंड फिरवलं. मानसिंगरावांनी बोळा उपसला आणि घंटी अशी खणाणली, की बाहेर फुलाबाई दुकानातून उठून आली. त्यांनी रिसीव्हर उचलून चिमाजीरावांच्या कानाला लावला.

"घ्या. उत्तर द्या तिला."

आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू गेला. "भोर हाय का? कुनी हाय का? वेल्ह्याहनं बोलतीया. हितं पटकी झालीया, डागदर लावून द्या."

त्या दुपारी जे सांगायचं राहिलं, तेच ती बोलत होती. मानसिंगरावांनीच तसं सांगून ठेवलं होतं. ते समाधानाने बघत होते.

"आवो, ऐकताय का कुनी? बनाबाईला झालीया. आज, डागदर गेल्यापासनं. म्हातारी गळालीया. डागदरला सोडा की लवकर!"

मानसिंगराव पुढे झाले. बनाबाई! हे त्या दुपारचं नव्हतं. बाई खरीच हाक मारत होती, आणि इथे ते स्वतः फडकं कोंबून सगळ्यांना तमाशा दाखवत बसले होते. त्यांनी रिसीव्हर हिसकावून घेतला.

"बाई, ऐकू आलं! डॉक्टर निघाले. ऐकू आलं!"

पलीकडे नुसती तारेची गुणगुण. मग सगुणाबाई म्हणाली, "आज ऐकू आलं व्हय?"

तिने फोन ठेवला.

डॉक्टर बाटल्यांची पेटी उचलून केव्हाच दाराकडे धावले होते. मानसिंगरावांनी वरिष्ठांच्या हुकमाची वाट पाहिली नाही. खिशातली किल्ली काढली, हैबतीच्या हातकड्या सोडवल्या आणि त्याच हातकड्या चिमाजीरावांच्या मनगटात अडकवल्या. वरिष्ठ साहेब काही बोलायला गेले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून धनगरवाडा उठवायचा हुकूम काढला, त्याचे तुकडे केले.

"सायब," हैबती मनगटं चोळत म्हणाला, "म्या जातो मोटारीत. म्हातारीला धराया मानूस लागंल."

तो मोटारीच्या पायरीवर उभा राहिला, आणि गाडी बाजारपेठेतून धूळ उडवत वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. आत ऑफिसात घंटी परत वाजली. फुलाबाई दारातून ओरडली, "आवो, उचला की कुनीतरी!" आणि मानसिंगरावांनी धावत जाऊन फोन उचलला.